हवेतली हद्द चुकून ओलांडली जाते ती कुठे?

बारामती, बेळगाव, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी विमान उडवायला शिकणारी कोल्हापूरची बरीच मुलं-मुली आमच्या वाचकांत आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या पत्रांत एक विषय सारखा येतो: परवानगी नसलेल्या हवाई हद्दीत शिकाऊ विमान चुकून शिरणं. या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. हद्द ठाऊक नव्हती म्हणून ती ओलांडली गेली, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा हद्द ठाऊक असते, पण त्या क्षणी हात आणि डोकं दुसऱ्या कामात गुंतलेलं असतं. म्हणून खालच्या उत्तरांत जास्त भर आहे तो इंजिन सुरू करण्याआधी काय करून ठेवायचं यावर.

प्रश्न : आकाशात ना कुंपण, ना पाटी. हद्द कुठे सुरू होते हे ओळखायचं कसं? आमच्या वर्गातले सगळे एकमेकांच्या नकाशावरून रेघा उतरवून घेतात. ते चालतं का?
— विद्यार्थिनी, राजारामपुरी

उतरवून घेणं आधी बंद करा. समोरच्याच्या नकाशावर चूक असेल तर ती पूर्ण बॅचमध्ये पसरते, आणि नकाशा जुना असेल तर तेही कोणाच्या लक्षात येत नाही. विमानतळ प्राधिकरणाची एआयपी, म्हणजे हवाई हद्दी आणि विमानतळांची अधिकृत माहितीपुस्तिका, संकेतस्थळावर मोफत वाचता येते. तिच्यातल्या दोन जागा पाठ करून ठेवा. ईएनआर ५.१ मध्ये निषिद्ध, प्रतिबंधित आणि धोक्याच्या क्षेत्रांची यादी असते. प्रत्येक विमानतळाच्या एडी २ भागातल्या २.१७ या कलमात त्या विमानतळाच्या नियंत्रित हद्दीचा आकार, तळ आणि माथा दिलेला असतो. बदल २८ दिवसांच्या एअरॅक चक्राप्रमाणे अमलात येतात. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात ‘या तारखेपर्यंत तपासलं’ असं पेन्सिलीनं लिहून ठेवा आणि चक्र बदललं की पुन्हा पडताळा.

क्षेत्राच्या नावातच त्याची माहिती असते. पहिली दोन अक्षरं विभाग सांगतात: व्हीए म्हणजे मुंबई, व्हीआय दिल्ली, व्हीई कोलकाता, व्हीओ चेन्नई. पुढचं अक्षर प्रकार सांगतं. पी असेल तर आत जायचंच नाही; राष्ट्रपती भवनावरचं आकाश किंवा तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र ही या प्रकारची ठिकाणं. आर असेल तर ठरलेल्या अटी पाळूनच प्रवेश. डी म्हणजे ठरावीक वेळी तिथे गोळीबारासारखं धोक्याचं काम चालू असू शकतं. विद्यार्थ्यानं तिन्ही प्रकारांना पी समजून बाजूनं जावं, असं आम्हाला वाटतं. आर आणि डीमधले बारकावे परवाना हातात आल्यावर वापरता येतात.

उंचीत मात्र हुशार मुलंही फसतात. हद्दीचा तळ कधी समुद्रसपाटीपासून दिलेला असतो, कधी जमिनीपासून. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. तिथे ‘जमिनीपासून १,५०० फूट’ म्हणजे अल्टिमीटरवर साधारण ३,५००. तोच आकडा सह्याद्री उतरून कोकणात गेलात की जेमतेम १,५००-१,६०० होतो. नकाशावर प्रत्येक मर्यादेशेजारी अल्टिमीटरवर दिसणारा आकडा लाल पेन्सिलीनं लिहा. हवेत बेरीज-वजाबाकी करायची पाळी येता कामा नये.

अल्टिमीटर बरोबर लावलेला असला तरच या आकड्यांना अर्थ आहे. टॉवरनं क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब, १०१८ सांगितलं आणि तुम्ही १००८ ऐकलंत, असं धरा. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे १० ला २८० फूट. अल्टिमीटरच्या छोट्या खिडकीत कमी आकडा लावला की काटाही कमी दाखवतो. तुम्ही ३,४०० वाचत असता आणि विमान ३,६८० वर असतं. वर ३,५०० ला हद्दीचा तळ असेल तर तुम्ही आत आहात आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. ही चूक जमिनीवरच सापडते. क्यूएनएच लावल्यावर उभ्या विमानात काट्यानं त्या विमानतळाची उंची दाखवली पाहिजे. कोल्हापुरात तो १,७२० दाखवत असेल तर सेटिंग चुकलं आहे, पुन्हा विचारा. रीडबॅक देताना, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवताना, चारही आकडे सुटे सुटे म्हणा. वन झीरो वन एट.

प्रश्न : इन्स्ट्रक्टर शेजारी असताना सरावाच्या क्षेत्राबाहेर गेलो. टॉवरनं विचारलं तेव्हा दोघांनाही कळलं. स्टॉल (पंखांची उचल जाऊ देऊन पुन्हा सावरणं) आणि स्टीप टर्न (तीव्र वळण) यांचा सराव चालू होता, कुठेही ‘जायचं’ नव्हतंच. मग बाहेर गेलो कसे?
— प्रशिक्षणार्थी, कागल

वाऱ्यानं. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाच्या उड्डाणात, वाऱ्याचा हिशेब सगळे करतात, सरावाच्या उड्डाणात तो राहून जातो. कारण विमान एकाच जागी घिरट्या घालतंय असं वाटत असतं. ते वाटणं हवेच्या हिशेबानं बरोबर आहे, पण ती सगळी हवाच सरकत असते. ५,५०० फुटांवर २० नॉटचा वारा असेल तर ४० मिनिटांच्या सरावात विमान १३ नॉटिकल मैल वाहून जातं. ४५ अंशांच्या बँकनं, म्हणजे विमान तेवढं कलवून, ९० नॉटला पूर्ण वळण घ्यायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात तुम्ही ३०० मीटर सरकता. दहा वळणं म्हणजे ३ किलोमीटर, आणि त्या पाच मिनिटांत बाहेर निवांत पाहायची संधी एकदाही मिळत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत पश्चिमेचा वारा दख्खनवर या उंचीला २५-३० नॉट सहज असतो, तेव्हा हे आकडे दीडपट धरा.

उपाय सोपा आहे, फक्त तो उड्डाणाआधी ठरवावा लागतो. सराव क्षेत्राच्या वाऱ्याकडच्या बाजूनं सुरू करा. वारा पश्चिमेचा असेल तर पश्चिम कडेजवळ, पण कडेपासून २ मैल आत. म्हणजे वाहत जाण्यासाठी पुढे सगळी रुंदी मोकळी राहते. दोन प्रकारांच्या मधला वेळ, म्हणजे इन्स्ट्रक्टर समजावून सांगत असतात तो, वाऱ्याकडे तोंड करून सरळ उडण्यात घालवा. बऱ्याच विमानांत नेमक्या याच वेळी वारा विमानाच्या पाठीमागून येत असतो आणि पाच मिनिटांच्या बोलण्यात विमान आपल्या वेगानं आणि वर वाऱ्याच्या वेगानं कडेकडे जात राहतं.

दुसरं म्हणजे कडा ओळखण्यासाठी जमिनीवरच्या लांबलचक खुणा निवडा. समजा, तुमचं क्षेत्र राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या पूर्वेला आणि कृष्णेच्या पश्चिमेला आहे. मग नियम इतकाच: महामार्ग डाव्या पंखाखाली आला किंवा नरसोबाच्या वाडीचा संगम नाकाखाली आला की हातातलं काम थांबवायचं. ठिपक्यासारख्या खुणा, म्हणजे एखादं तळं, एखादी चिमणी, यांवर विसंबू नका. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या चिमण्या इतक्या आहेत की पाच हजार फुटांवरून वारणा, पंचगंगा, दूधगंगा या खोऱ्यांतला कोणता कारखाना कोणता हे नवख्याला सांगता येत नाही. गळीत हंगामात शेतकरी पाचट पेटवतात, तेव्हा धुरानं तिरकस दिसणं आणखी कमी होतं आणि जे दिसतं ते फक्त खालचं.

तिसरं, स्टॉलआधीच्या ‘हॅसेल’ तपासणीतलं पहिलं ‘एल’. उंची, फ्लॅप, पट्टे, इंजिन, जागा, आजूबाजूची विमानं या तपासणीत ‘जागा’ हा शब्द बहुतेक जण फक्त ‘गावावर नाही ना’ एवढ्यापुरता वापरतात. तिथे मोठ्यानं वाक्य म्हणा: ‘हातकणंगल्याच्या दक्षिणेला ३ मैल, पूर्व कडेला अजून ६ मैल.’ हे वाक्य चटकन म्हणता येत नसेल तर पुढचा स्टॉल करायचा नाही.

इन्स्ट्रक्टर शेजारी असताना हे का होतं, तर दोघंही समजतात की दुसरा बघतोय. विद्यार्थ्याला वाटतं नेव्हिगेशन इन्स्ट्रक्टरकडे आहे. इन्स्ट्रक्टरचं लक्ष विद्यार्थ्याच्या रडरवर. म्हणून ब्रीफिंगमध्ये स्पष्ट विचारा: ‘सर, सरावात जागेवर लक्ष कोण ठेवणार?’ उत्तर कोणतंही असो, ते एकाच माणसाचं नाव असलं पाहिजे. असा प्रश्न विद्यार्थ्यानं विचारणं उद्धटपणा नाही, आणि चांगल्या इन्स्ट्रक्टरला तो आवडतो.

उंचीचंही तेच. स्टॉलमधून सावरल्यावर विद्यार्थी पूर्ण पॉवर देऊन चढत राहतो आणि गेलेल्या उंचीपेक्षा २००-३०० फूट जास्त घेतो. तीन-चार स्टॉलनंतर क्षेत्राचा माथा जवळ येतो. सावरणं पूर्ण झालं की आधी अल्टिमीटर, मग पुढचं बोलणं.

प्रश्न : कोल्हापूर ते बेळगाव अशी क्रॉस-कंट्री समजा करायची आहे. हद्द चुकू नये म्हणून तयारी कशी करावी, आकड्यांसह सांगाल का?
— विद्यार्थी, शिवाजी पेठ

सरावासाठी हा मार्ग छान आहे. अंतर कमी, खुणा भरपूर, आणि टोकाला सांबऱ्याचा विमानतळ, जिथे हवाई दलाचं केंद्रही आहे. म्हणजे चूक करायला मुभा नाही.

उजळाईवाडी ते सांबरा सरळ रेषेत सुमारे ५२ नॉटिकल मैल, दिशा साधारण १५८ अंश. रेघ मारली की दिसेल की निपाणी आणि संकेश्वर दोन्ही जवळपास रेघेवरच येतात. निपाणी साधारण १७ मैलांवर, संकेश्वर २६ वर, म्हणजे बरोबर अर्ध्यात. जमिनीवरचा वेग १०० नॉट धरला तर निपाणी १० मिनिटांनी, संकेश्वर १६ मिनिटांनी, सांबरा ३१ मिनिटांनी. या वेळा नकाशावर रेघेशेजारी लिहा. निघाल्यावर चालू वेळ टाका आणि प्रत्येक खुणेवर प्रत्यक्ष वेळ.

आता हद्दीचं काम. रेघेच्या दोन्ही बाजूंना १० मैलांपर्यंत जे जे क्षेत्र येतं ते एआयपीतून काढून नकाशावर रंगवा, नुसतं रेघेवरचं नाही. दहा लाखांत एक या प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलीची एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. टोक बारीक ठेवा आणि हद्दीच्या कडेला चिकटून मार्ग काढू नका. ब्रिटनमध्ये छोट्या विमानांच्या वैमानिकांना ‘टेक टू’ असा सल्ला देतात: शक्य तिथे नियंत्रित हद्दीच्या कडेपासून २ नॉटिकल मैल आणि तळापासून २०० फूट लांब राहा. आपल्याकडे हा नियम नाही, पण विद्यार्थ्यानं तो स्वतःला लावून घ्यावा. २०० फूट हे अंतर फार नाही; वरच्या क्यूएनएचच्या उदाहरणात एका चुकीच्या आकड्यानं त्याहून जास्त फरक पडला होता.

मार्ग चुकला हे कळणं आणि दुरुस्त करणं यासाठी साठात एकचा नियम पाठच हवा: साठ मैलांत एक मैल बाजूला म्हणजे एक अंशाची चूक. निपाणी १७ मैलांवर, आणि ती तुम्हाला अगदी खाली न दिसता दीड मैल डावीकडे दिसली. म्हणजे तुम्ही रेघेच्या उजवीकडे, पश्चिमेला आहात. दीड गुणिले साठ भागिले सतरा, साधारण ५ अंशांची चूक. तशीच सोडली तर सांबऱ्यापर्यंत साडेचार मैल बाहेर जाल. उरलेल्या ३५ मैलांत रेघेवर परत यायला दीड गुणिले साठ भागिले पस्तीस, म्हणजे साधारण ३ अंश. दोन्ही मिळून ८ अंश डावीकडे वळा. नुसते ५ अंश वळलात तर रेघेला समांतर जाल, रेघेवर येणार नाही. हा हिशेब खुर्चीत बसून पन्नास वेळा करा, हवेत तो दहा सेकंदांत झाला पाहिजे.

त्या ५ अंशांच्या चुकीचं सर्वांत नेहमीचं कारण वारा नसतो, डीजी असतो. हेडिंग दाखवणारा जायरो हळूहळू सरकतो. आपल्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्यानंच तो तासाला ४ अंशांहून थोडा जास्त सरकतो, बेअरिंगची झीज वेगळी. दर १५ मिनिटांनी कंपासशी जुळवा, पण विमान सरळ, पातळीत आणि एकसारख्या वेगात असतानाच. वळणात किंवा वेग वाढत असताना कंपास खोटं दाखवतो आणि तुम्ही बरोबर असलेला डीजी बिघडवता. उजळाईवाडीची धावपट्टी ०७/२५. उड्डाणासाठी धावपट्टीच्या मधल्या रेघेवर उभं राहिल्यावर डीजी साधारण ०७० किंवा २५० दाखवतोय का, ही फुकटातली तपासणी आहे.

निपाणीनंतर एक सापळा आहे. महामार्ग सोबतीला असतो आणि नजर त्यावरच बसते. पण महामार्ग बेळगाव शहराकडे जातो आणि सांबरा शहराच्या पूर्वेला आहे. रस्ता धरून गेलात तर टॉवरला सांगितलेल्या दिशेपेक्षा वेगळ्या बाजूनं हद्दीत शिराल. संकेश्वर ओलांडलं की रस्ता सोडून हेडिंग धरा. डाव्या हाताला, लांबवर, घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं पाणी दिसेल. तेच पाणी पोटाखाली आलं तर तुम्ही फार पूर्वेला आहात.

संकेश्वरलाच दुसऱ्या रेडिओवर बेळगावची फ्रिक्वेन्सी लावून ऐकायला सुरुवात करा. अजून २६ मैल, १५ मिनिटं आहेत. हद्दीच्या कडेपासून किमान १० मैल किंवा ५ मिनिटं आधी पहिला कॉल झालेला हवा.

कागदपत्रांत फ्लाइट प्लॅनसोबत एडीसी आणि एफआयसी क्रमांक हे विसरू नका. एडीसी म्हणजे हवाई संरक्षण यंत्रणेची संमती, एफआयसी म्हणजे उड्डाण माहिती केंद्र. फ्लाइट प्लॅन भरला म्हणून एडीसी आपोआप मिळाली असं समजू नका. दोन्ही क्रमांक नी-पॅडवर (मांडीला बांधायच्या पाटीवर) वरच्या ओळीत लिहा, आणि निघायला उशीर झाला तर ते अजून चालतात का हे आधी विचारा, मग इंजिन सुरू करा.

प्रश्न : नोटॅम वाचून गेलो तरी घोटाळा झाला. ‘सकाळी साडेतीन ते साडेसहा बंद’ असं वाचलं, आम्ही नऊला उडणार होतो, म्हणून सोडून दिलं.
— विद्यार्थी, इचलकरंजी

नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, आणि तिच्यातली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. साडेतीन म्हणजे सकाळचे नऊ, साडेसहा म्हणजे दुपारचे बारा. तुम्ही बरोबर बंदीच्या वेळेत निघाला होतात.

नोटॅममध्ये बी म्हणजे सुरुवात, सी म्हणजे शेवट, आणि प्रत्येकी दहा आकडे: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट. सरावासाठी बनवलेलं उदाहरण घ्या. बीसमोर २६०११२०३३० असेल तर २०२६ चा जानेवारी, १२ तारीख, ०३:३० यूटीसी, म्हणजे आपले सकाळचे ९. रात्रीच्या वेळांत तारीखही बदलते. ११ तारखेचे २०:०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे १२ तारीख उजाडून रात्रीचा दीड. डी असेल तर त्या मुदतीत रोज कोणत्या वेळी, हे तिथे असतं. डी न वाचता बी-सी वाचणं ही दुसरी नेहमीची चूक. एफ आणि जी म्हणजे खालची आणि वरची मर्यादा.

क्यूच्या ओळीचं शेवटचं टोकही वाचायला शिका. १६४०एन०७४१७ई००५ असं असेल तर १६ अंश ४० मिनिटं उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं पूर्व, म्हणजे कोल्हापूर, आणि त्याभोवती ५ नॉटिकल मैल. हे वर्तुळ लगेच नकाशावर काढा. नुसतं वाचलेलं नोटॅम हवेत आठवत नाही. मोठ्या नेत्यांचे दौरे, हवाई दलाचे सराव यांसाठी अचानक निघणारे नोटॅम असतात. आदल्या रात्री एकदा आणि निघण्याच्या तासाभरात पुन्हा एकदा बघा. लांब मुदतीचे बदल एआयपी सप्लिमेंटमध्ये जातात, ती यादी वेगळी उघडावी लागते.

प्रश्न : टॉवरनं ‘स्टँडबाय’ म्हटलं. आम्ही हद्दीच्या तोंडाशी होतो, म्हणून आत गेलो. चूक कोणाची?
— प्रशिक्षणार्थी, गडहिंग्लज

तुमची. ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. त्यात परवानगीही नाही, नकारही नाही. टॉवरनं तुमचा कॉलसाइन उच्चारला, तुम्ही दिसताय म्हणाले, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड दिला, यातली एकही गोष्ट प्रवेशाची परवानगी नव्हे. ‘क्लिअर्ड’ हा शब्द आणि त्याबरोबर मार्ग किंवा उंची ऐकल्याशिवाय कड ओलांडायची नाही. ऐकल्यावर पूर्ण रीडबॅक द्यायचा.

तोंडाशी जाऊन विचारलंत हीच खरी अडचण. उशिरा कॉल केला की कंट्रोलर त्या वेळी एखाद्या एटीआर प्रवासी विमानाला उतरवत असतो आणि तुमच्याकडे ३० सेकंद उरलेले असतात. आधीच ठरवून ठेवा की अमुक खुणेपर्यंत परवानगी आली नाही तर तिथे हद्दीच्या उलट बाजूला वळून घिरटी घालायची. ती खूण नकाशावर गोल करून ठेवा. पहिल्या कॉलमध्ये मोठं भाषण नको; कोणाला, कोण आणि काय हवं, एवढंच. त्यांनी ‘पास युअर मेसेज’ म्हटल्यावर विमानाचा प्रकार, कुठून कुठे, आता कुठे, उंची, आणि कोणत्या वेळी कडेला पोहोचणार. हे वाक्य निघण्याआधी कागदावर लिहून काढलं तरी चालतं. आरटीआरच्या (रेडिओवर बोलण्याच्या परवान्याच्या) परीक्षेत तोंडपाठ असलेलं वाक्य हवेत अडखळतं, ते सगळ्यांचंच.

प्रश्न : टॅबवर विमान हलताना दिसतं. मग पेन्सिल, रेघा हे सगळं कशाला?
— विद्यार्थी, जयसिंगपूर

टॅब जरूर वापरा. चालता नकाशा समोर असला की हद्दी चुकायचं प्रमाण कमी होतं. पण मे महिन्यातल्या उन्हात काचेखाली ठेवलेला टॅब तापून बंद पडतो, ते नेमकं तुम्हाला गरज असताना. त्याचा डेटाबेस चालू चक्राचा आहे का ते बघा. स्क्रीन लहान केली की काही अ‍ॅप हद्दींच्या उंच्या लपवतात. आणि ‘डायरेक्ट टू’ दाबलं की तो सरळ रेघ मारतो, मध्ये कोणाची हद्द आहे याची पर्वा न करता. रेघ आधी कागदावर, मग टॅबमध्ये.

प्रश्न : माझी मुलगी बाहेरगावी शिकते. चुकून अशा हद्दीत गेली तर तिचं लायसन्स जाईल का? तिनं त्या क्षणी काय करावं?
— पालक, शाहूपुरी

आधी त्या क्षणाचं. विमान सांभाळायचं, घाबरून झटका द्यायचा नाही. ज्या वाटेनं आत आली त्याच वाटेनं, खाली डोंगर नाही हे बघून, बाहेर वळायचं. ज्या फ्रिक्वेन्सीवर आहे तिथेच लगेच सांगायचं: कोण, कुठे, किती उंचीवर, बाहेर पडतेय. कोणाशी बोलावं कळत नसेल तर १२१.५, ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. रस्ता हरवला असेल तर तेही स्पष्ट सांगायचं. कंट्रोलर दिशा देतो, तेच त्याचं काम आहे. ट्रान्सपॉन्डर बंद करायचा नाही, कधीच नाही. बंद केला तर रडारवर अनोळखी ठिपका दिसतो आणि साधी चूक संशयास्पद होते.

लढाऊ विमान जवळ आलं, ही वेळ शिकाऊ वैमानिकावर फार क्वचित येते, पण खुणा माहीत हव्यात. ते सहसा डावीकडून थोडं पुढे, थोडं वर येतं आणि पंख हलवतं. अर्थ: माझ्यामागे या. तुम्हीही पंख हलवायचे आणि मागे जायचं. १२१.५ वर बोलायचं, वेगळी सूचना नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आणीबाणीचा कोड लावायचा. त्यानं झपकन ९० अंश किंवा जास्त वळून वर चढत निघून गेलं तर जायला मोकळीक. चाकं खाली काढून धावपट्टीवर घिरट्या घातल्या तर तिथे उतरायचं. दुसऱ्या कुणाच्या रेडिओवरच्या सूचना त्याच्या खुणांशी जुळत नसतील तर त्याच्या खुणा पाळायच्या.

परवान्याचं. डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) परवाना काही काळ थांबवण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे, आणि आता हे सगळं १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ च्या चौकटीत चालतं. कारवाई प्रकरण पाहून ठरते, म्हणून आम्ही तुम्हाला कुठलीच हमी देणार नाही. एवढं मात्र नक्की सांगतो की उतरल्यावर पहिल्या तासात तिनं इन्स्ट्रक्टरला आणि संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सांगितलं पाहिजे, आणि जे घडलं ते वेळेसकट लिहून काढलं पाहिजे: हेडिंग, उंची, क्यूएनएच, शेवटची पक्की खूण. टॅबमधली ट्रॅक फाइल पुसायची नाही. टॉवरकडे रडारची आणि बोलण्याची नोंद असतेच. लपवलेली गोष्ट नंतर त्यातून निघाली तर चुकीपेक्षा लपवणं महागात पडतं. घरी फोन करून तिनं सांगितलं तर कृपया आधी रागावू नका. घरच्यांच्या धाकानं मुलं संस्थेतही बोलत नाहीत, आणि मग तीच चूक सोलोमध्ये पुन्हा होते.

प्रश्न : आमचं घर विमानतळाजवळ. लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन उडवता येईल का?
— वाचक, उजळाईवाडी

ड्रोन नियम, २०२१ नुसार चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटरच्या आत लाल क्षेत्र. तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. ५ ते ८ किलोमीटरमध्ये पिवळं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत हिरवं, त्यावर पिवळं. त्यापलीकडे, नकाशावर दुसरं काही दाखवलेलं नसेल तर, ४०० फुटांपर्यंत हिरवं. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं ठिकाण टाकून त्याच दिवशी बघा, रंग बदलू शकतात. उजळाईवाडीतल्या घराच्या गच्चीवरून मात्र नाही. तिथून कॅमेरा हातात धरूनच शूटिंग करायला सांगा.